वेक्टर ड्रॉईंग अन् डिजिटल चित्र शिकायचंय? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातनं नेहमी येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची कॉलेजची पोरं-पोरी, घरून काहीतरी काम करू बघणाऱ्या ताई, प्रेसमधी बसणारी मंडळी, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवलेत. क्रमानं वाचायलाच पाहिजे असं नाही, पण पेन टूलचं, म्हंजे बिंदू ठेवत वळणदार रेघ काढायच्या हत्याराचं, उत्तर तेवढं सगळ्यांनी वाचा, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

वेक्टर म्हंजे नेमकं काय? फोटोशॉपमधी काढलं तर चालत नाही का?

फोटो, स्कॅन, मोबाईलवर ब्रशनं रंगवलेलं चित्र हे सगळं पिक्सेलचं असतं, म्हंजे रंगाचे बारीक बारीक चौकोन. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हंजे इंचाला ३०० ठिपके, धरला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, त्याच्यापेक्षा मोठं ताणलं की कडा फाटायला लागतात. वेक्टरमधी चौकोनच नसतात, बिंदू असतात अन् त्या बिंदूंमधलं वळण गणितानं साठवलेलं असतं, म्हणून तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर पण स्वच्छ येतो अन् चन्नम्मा सर्कलच्या होर्डिंगवर पण. लोगो, अक्षरं, आयकॉन, टी-शर्ट, रेडियम, लग्नपत्रिकेची नक्षी ह्याला वेक्टर. पण पावसातलं आंबोली, धुकं, माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेड असं काही रंगवायचं असंल तर क्रिटा किंवा फोटोशॉपच घ्या, वेक्टरमधी ते होतं पण उगाच जीव जातो.

माझं ड्रॉईंग चांगलं नाही, जमेल का?

जमतंय की. पण कागद-पेन्सिल सोडून चालणार नाही, रोज थोडं तरी काढा. आकार कुठं वळतो ते डोळ्याला दिसायला लागलं पाहिजे, ते सॉफ्टवेअर शिकवत नाही.

कोरल, इलस्ट्रेटर का इंकस्केप? सगळे वेगवेगळं सांगायलेत.

सगळे आपापल्या जागी बरोबर सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमधी, फ्लेक्सवाल्यांकडं कोरलड्रॉ चालतं, त्यामुळं इथल्या प्रेसमधीच नोकरी धरायची असंल तर कोरल यायलाच पाहिजे. पुणे, बेंगळूरुच्या एजन्सीत, किंवा बाहेरच्या क्लायंटचं काम ऑनलाईन करायचं असंल तर इलस्ट्रेटर मागतात. इलस्ट्रेटर १९८७ पासून आहे, कोरलड्रॉ १९८९ पासून, दोन्हीला पैसे लागतात अन् इलस्ट्रेटरला तर दर महिन्याला किंवा वर्षाला. इंकस्केप २००३ पासून आहे, पूर्ण फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, अन् जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर पण साधं काम होतं. इलस्ट्रेटरला आठ जीबी कमीत कमी पाहिजे, सोळा असंल तर बरं.

माझं मत विचाराल तर सुरुवात इंकस्केपनं करा, कारण शिकायचं आहे ते नोड (रेघेवरचे बिंदू), हँडल (बिंदूतनं निघणारे, वळण ठरवणारे दांडे), आकार जोडणं-कापणं, लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर), अन् हे तिन्हीकडं एकच आहे, नावं तेवढी वेगळी. कोरलमधी वेल्ड अन् ट्रिम, इंकस्केपमधी युनियन अन् डिफरन्स, इलस्ट्रेटरमधी पाथफाइंडर. एकात हात बसला की दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही, हे मी इथल्या पोरांचं बघून सांगतोय.

क्रॅक केलेलं कोरल टाकून दिलंय एकानं, वापरू का?

नको. व्हायरसचा धोका आहेच, अन् उद्या तुम्ही स्वतःच्या डिझाईनचे पैसे मागणार, तर दुसऱ्यानं बनवलेल्या सॉफ्टवेअरचे बुडवून कसं चालेल? इंकस्केप फुकट असताना गरजच नाही.

लॅपटॉप नाही, मोबाईलच आहे.

मोबाईलवर आयबिस पेंटसारखं ॲप घेऊन लेयर, ब्रश, रंग ह्याचा हात बसवता येतो. वेक्टरसाठी अँड्रॉईडवर इन्फिनिट डिझाईन, आयफोन-आयपॅडवर लिनिअरिटी कर्व्ह अशी ॲप आहेत. प्रोक्रिएटचं नाव सगळे घेतात पण ते ॲपलवरच चालतं अन् ते पिक्सेलचं आहे, वेक्टरचं नाही. बोटानं नोड हलवणं त्रासाचं होतं हे खरं, म्हणून मोबाईलवर स्केच अन् कॉलेजच्या लॅबमधी किंवा कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर आठवड्यातनं एक-दोनदा वेक्टर असं करा, काही बिघडत नाही.

पेन टॅबलेट घ्यायलाच पाहिजे का?

वेक्टरला नाही. माऊसनं उत्तम वेक्टर होतं, कारण तुम्ही रेघ ओढत नाही, बिंदू ठेवता. ब्रशनं रंगवायचं असंल तेव्हा घ्या, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन ह्यांचं स्क्रीन नसलेलं साधं मॉडेल पुरतं. ८१९२ प्रेशर लेव्हल लिहिलेलं असतं डब्यावर, त्या आकड्याकडं जास्त बघू नका. टॅबलेटची जागा मनगटाला पुरते का, केबल घट्ट बसते का, निब (पेनची बदलायची टोकं) सहज मिळतात का हे बघा.

पेन टूल जमतच नाही. कुठंही क्लिक केलं की वाकडंतिकडं जातंय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो अन् ह्याच्यावरच निम्मी पोरं सोडून देतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे कळू दे की वळणाला चार बिंदू असतात. दोन टोकांचे नोड, अन् प्रत्येक नोडातनं निघालेलं एकेक हँडल. नोड सांगतो रेघ कुठनं जाणार, हँडल सांगतं कुठल्या दिशेनं निघणार अन् किती जोरात. ही युक्ती गाड्यांच्या कारखान्यातनं आलीय, फ्रान्समधी सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो ह्यांनी १९५९ मधी अन् रेनॉमधी पिएर बेझिए ह्यांनी १९६० च्या दशकात, गाडीच्या पत्र्याची वळणं मशीनला आकड्यात सांगायला म्हणून हे गणित बसवलं. म्हणून ह्याला बेझिए कर्व्ह म्हणतात. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) काम करणाऱ्याला हे पटकन कळतं, चित्रकाराला जरा उशिरा.

आता नोड ठेवायचे कुठं? नवीन माणूस रेघेवर दर अर्ध्या सेंटीमीटरला क्लिक करत जातो, मग वळण ठेचकाळतं. तसं नको. आकार सगळ्यात वर कुठं जातो, सगळ्यात खाली कुठं, सगळ्यात डावीकडं अन् उजवीकडं कुठं, त्या चार जागा आधी बघा, तिथं नोड. त्या नोडांची हँडलं एकदम आडवी नाहीतर एकदम उभी ठेवा, तिरकी नाही. इलस्ट्रेटरमधी शिफ्ट दाबून ओढलं अन् इंकस्केपमधी कंट्रोल दाबून ओढलं की हँडल सरळ राहतं. एसच्या आकाराचं वळण असंल तर जिथं ते उलटं फिरतं तिथं गरज वाटली तरच आणखी एक नोड. टोकदार कोपरा असंल तिथं एक. बस.

हँडल केवढं लांब? वळणाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश धरा. वर्तुळ बघा, सॉफ्टवेअर ते चारच नोडांत काढतं अन् प्रत्येक हँडल त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के असतं. एक वर्तुळ काढून कंट्रोल+शिफ्ट+सीनं इंकस्केपमधी त्याचा पाथ (नोड-हँडलची रेघ) करा, एन दाबून नोड टूल घ्या अन् ते चार नोड नुसते बघत बसा, मग एकेक हँडल हलवा अन् काय होतं ते बघा. क्लासच्या लेक्चरपेक्षा ह्यातनं जास्त कळतं.

कोपऱ्यावर दोन्ही हँडल एकमेकांना ओढतात तेव्हा ती तोडावी लागतात, इलस्ट्रेटरमधी ऑल्ट, इंकस्केपमधी काढतानाच शिफ्ट. अन् एकदम परफेक्ट काढायच्या नादाला लागू नका, आधी नोड जागेवर ठेवून आकार बंद करा, वळणं मागनं नोड टूलनं बसवा. काम करणारे सगळे असंच करतात.

पहिला सराव कोयरीचा करा. शहापूर-वडगावच्या साडीच्या काठावर असते ती. कागदावर काढा, मोबाईलनं फोटो घ्या, खालच्या लेयरला टाका, ओपॅसिटी (गडदपणा) तीस-चाळीस टक्के करा, लेयर लॉक करा अन् वरच्या लेयरवर पेन टूलनं काढा. पहिल्यांदा वीस-पंचवीस नोड होतील. मग एकेक नोड डिलीट करून बघा आकार कुठवर टिकतो. पाच-सहा नोडांत कोयरी बसायला लागली की समजा पेन टूल आलं.

त्याच्यानंतर कशाचा सराव करू? यूट्युबवर सगळे तेच कार्टून अन् अमेरिकन लोगो काढायला लावतात.

आपल्या आजूबाजूला इतकं आहे की बाहेर बघायची गरज नाही. अथणीची चप्पल घ्या, २०१९ मधी कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात बेळगाव जिल्हा पण आहे. चपलेची वेणी ही पॅटर्न ब्रश शिकायला एक नंबर आहे, वेणीचा एकच तुकडा असा काढायचा की त्याचं डावं टोक उजव्या टोकाला जुळलं पाहिजे, मग तो ब्रश करून पट्ट्यावर फिरवायचा.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघितलीय का? इ.स. १२०४ ची, रट्टांच्या काळातली. आत छताला दगडात कोरलेलं कमळ आहे. तिथं उभं राहून एकच पाकळी नीट स्केच करा, घरी येऊन वेक्टर करा, फिरण्याचा मध्यबिंदू कमळाच्या मधोमध ठेवा अन् ३६० ला पाकळ्यांच्या संख्येनं भागून तेवढ्या अंशानं कॉपी फिरवत जा. रोटेट-कॉपी, क्लोन, लेयर तिन्ही एका चित्रात शिकून होतं. मग गोकाकची लाकडी खेळणी आहेत, त्यातली फळं सपाट रंग अन् एकच सावली देऊन काढायला फार छान. राजहंसगडाचा बुरूज, निपाणीच्या बाजारातली दुकानं, शिवजयंतीचा चित्ररथ, काय पाहिजे ते घ्या, पण फोटो नेटवरनं उचलू नका, स्वतः जाऊन काढा. तुमच्या पोर्टफोलिओत अथणीची चप्पल असंल तर बघणारा थांबतो, हजार जणांनी काढलेला तोच रोबोट असंल तर पुढं सरकतो.

मराठी टाईप केलं की जोडाक्षरं तुटतात, वेलांटी पुढं जाऊन बसते. काय करू?

दोन वेगळ्या भानगडी आहेत, त्या आधी वेगळ्या करा.

पहिली जुन्या फाँटची. श्री-लिपीचे जुने फाँट, कन्नडमधी नुडीचे जुने फाँट, हे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी-कन्नड आकार बसवलेले असतात. दिसायला सुंदर आहेत, प्रेसमधी अजून चालतात, पण तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकला की इंग्रजीतला कचरा दिसतो अन् दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाँट नसंल तर सगळं गेलं. दुसरी युनिकोडची. युनिकोडमधी मजकूर खरा मराठी असतो, पण सॉफ्टवेअरला जोडाक्षर जोडायला यावं लागतं. इंकस्केपला ते आपोआप येतं, देवनागरी पण अन् कन्नड पण. इलस्ट्रेटरमधी प्रेफरन्सेसच्या टाईपमधी जाऊन इंडिक ऑप्शन चालू करा अन् पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतनं साऊथ एशियन कंपोझर निवडा, बहुतेकांचं दुखणं एवढ्यानं बरं होतं. कोरलची फार जुनी व्हर्जन असंल तर युनिकोड नीट येत नाही, तेव्हा इंकस्केपमधी टाईप करून, पाथ करून, पीडीएफनं कोरलमधी न्या.

फाँट गूगल फाँट्सवरनं घ्या, मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी, यात्रा वन, सगळे फुकट अन् धंद्याच्या कामाला पण चालतात. आणखी एक गोष्ट बघत जा, मराठीतला ल अन् श हिंदीपेक्षा वेगळा असतो अन् काही फाँट मजकुराची भाषा मराठी सेट केली तरच तो आकार देतात. पत्रिकेवर हिंदी वळणाचा ल आला तर आपल्या आजीला पण खटकतो, तेवढं लक्ष द्यायलाच पाहिजे.

कन्नड अक्षरं पण शिकू का? मला कन्नड बोलता येतं, वाचता कमी येतं.

शिका, मनापासून सांगतोय. २०२४ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, म्हंजे पाटीचं, बॉक्सचं, पोस्टरचं कुठलंही काम आलं की दोन किंवा तीन लिप्या एकत्र बसवाव्या लागणार. ज्याला दोन्ही लिप्या डोळ्यानं कळतात त्याच्याकडं काम येणारच. देवनागरीला वर शिरोरेघ आहे, उभे दंड आहेत, कन्नड सगळी गोल अन् तिचं तलकट्टू (अक्षराच्या डोक्यावरची छोटी खूण) वेगळं, शिवाय जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली जातं त्यामुळं दोन ओळींमधी जागा जास्त सोडावी लागते. एकाच साईजचा आकडा टाकून दोन्ही सारख्या दिसत नाहीत, डोळ्यानंच लहान-मोठं करून जुळवायचं. सराव म्हणून एकच नाव, समजा 'बेळगाव', दोन्ही लिपीत स्वतः लेटरिंग करून काढा, सारख्या जाडीनं, सारख्या गोलाईनं. हे काम मुंबईच्या पोराला सहज जमणार नाही, तुम्हाला जमंल.

स्क्रीनवर रंग झक्क दिसतो, छापून मेलेला येतो.

स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, आरजीबी. छपाई शाईनं होते, सीएमवायके. झगझगीत हिरवा, निळा, गुलाबी शाईत येतच नाही. छापायचं काम असंल तर फाईल सुरुवातीपासनंच सीएमवायकेमधी करा. इंकस्केप मूळचं आरजीबीवालं आहे, त्यामुळं शेवटचे रंग प्रेसमधी कोरलमधी सीएमवायकेला बदलून घ्या अन् प्रूफ बघितल्याशिवाय हो म्हणू नका. काळी बारीक अक्षरं फक्त के १०० (नुसती काळी शाई) ठेवा, चारी रंग मिसळले अन् छपाई जराशी सरकली की अक्षराला रंगीत कडा दिसते. पत्रिका, कार्डाला चारी बाजूनं तीन मिलिमीटर ब्लीड, म्हंजे कापायच्या रेघेबाहेर जादा रंग. फ्लेक्स लांबनं बघायचा असतो म्हणून त्यातल्या फोटोला ३०० डीपीआय लागत नाही, कमी चालतंय, मशीनवाल्याला विचारून घ्या.

रेडियम कटिंगवाला, लेसरवाला फाईल परत पाठवतोय.

कटिंगच्या मशीनला रंग दिसत नाही, फक्त रेघ दिसते. दोन आकार एकमेकांवर चढलेले असतील तर मशीन दोन्ही कापणार, म्हणून आधी युनियन करा. देवनागरीत हे जास्त होतं, कारण फाँटमधी शिरोरेघेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, वेल्ड नाही केलं तर प्रत्येक अक्षरामधी काप पडतो. जाड रेघ स्ट्रोक म्हणून (नुसती जाडी देऊन) ठेवली तर मशीन तिच्या मधोमध एकदाच कापतं, म्हणून स्ट्रोक टू पाथ करून घ्या, इंकस्केपमधी कंट्रोल+ऑल्ट+सी. पाथ सगळे बंद पाहिजेत. सीएनसीवाला डीएक्सएफ प्रकारची फाईल मागतो, तिथं माप मिलिमीटरमधी बरोबर गेलंय का ते एक चौकोन मोजून बघा. अन् इथं परत तेच, नोड जास्त असले की मशीन अडखळत कापतं अन् कड खरबरीत येते.

फोटो टाकून ऑटो ट्रेस केलं की झालं ना वेक्टर?

सही, शिक्का, काळ्या शाईचं स्वच्छ ड्रॉईंग ह्याला चालतं. फोटो ट्रेस केला की शेकडो नोडांचा गुंता होतो, नंतर एक वळण बदलायचं म्हटलं तरी बदलता येत नाही. शिकताना तर नकोच.

एआय सगळं काढून द्यायलंय, मग शिकून फायदा काय?

एआयची बहुतेक टूल पिक्सेलचं चित्र देतात, अन् वेक्टर दिलं तरी पाथ साफ करायला माणूस लागतोच. मराठी-कन्नड अक्षरं त्यात कितीतरी वेळा चुकीची येतात. अन् मंडळाचा लोगो, दुकानाची पाटी ह्यात क्लायंट म्हणतो "तेवढं शेपूट जरा वर घ्या", तेव्हा नोड धरून वर घेता येणारा माणूसच लागतो. आयडिया शोधायला वापरा, पण हात तयार ठेवा.

शिकायचं कुठं? क्लास लावू का डिग्री करू?

बेळगावला चित्रकलेची मोठी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी सरांच्या चित्रमंदिरात शिकलेले रवी परांजपे इथलेच, १९३५ चा जन्म, पुढं देशभर बोधचित्रकार (इलस्ट्रेटर) म्हणून नाव झालं, २०२२ मधी गेले. त्यांची छापील चित्रं मिळतील तिथं बघा, रेघेत अन् रंगात काय शिस्त आहे ते कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यानं तर बघायलाच पाहिजे.

कॉलेजात जाऊन शिकायचं असंल तर कोल्हापूरला कलानिकेतन आहे, पणजीला गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, दोन्ही आपल्याला जवळ, पण दुसऱ्या राज्यातला प्रवेश म्हणून डोमिसाईल अन् कोट्याचे नियम आधी तिथल्या ऑफिसात विचारा. शाळेत असाल तर कर्नाटकाची ड्रॉईंगची लोअर, हायर परीक्षा देऊन टाका. घरी बसून शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधी इंकस्केपची मालिका आहे, फुकट. दोन-तीन महिन्यांच्या क्लासला पैसे भरायच्या आधी तिथल्या मास्तरला एक कोयरी पेन टूलनं काढून दाखवा म्हणा, नोड किती येतात ते बघा अन् मग ठरवा.

पहिलं काम आलंय, किती पैसे सांगू?

रेट गावागणिक बदलतो, आकडा मी सांगत नाही. पण तासाचा हिशोब मनात धरा, थोडा ॲडव्हान्स घ्या, बदल किती वेळा करून देणार ते आधीच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा अन् मूळ फाईल देणार का नुसती पीडीएफ ते पण. ओळखीतलं, पाहुण्यातलं काम असलं तरी लिहाच, तिथंच जास्त गैरसमज होतात. गणपतीच्या आधी मंडळांची कामं एकदम येतात, तेव्हा तारीख बघूनच हो म्हणा.

प्रेसला फाईल कशी द्यायची?

मूळ फाईल स्वतःकडं ठेवा, अक्षरं टाईप केलेलीच, पाथ न केलेली, म्हंजे उद्या फोन नंबर बदलला तर बदलता येतो. तिची कॉपी करून त्यात अक्षरं कर्व्ह करा, कोरलमधी कंट्रोल+क्यू, इलस्ट्रेटरमधी कंट्रोल+शिफ्ट+ओ, अन् ती पीडीएफ प्रेसला. सीडीआर (कोरलची फाईल) मागितली तर त्यांचं व्हर्जन विचारून सेव्ह करताना तेच जुनं व्हर्जन निवडा, नाहीतर त्यांच्याकडं उघडत नाही. लोगो मोठा-लहान करताना स्केल स्ट्रोकचा ऑप्शन चालू आहे का बघा, नाहीतर लोगो चौपट होतो अन् बॉर्डर केसासारखी बारीकच राहते. फाईलच्या नावात तारीख घाला, 'फायनल', 'फायनल नवीन' असली नावं नकोत, अन् एक कॉपी पेन ड्राईव्हवर, एक गूगल ड्राईव्हवर.

एसव्हीजी (वेक्टरची फाईल) पाठवली की क्लायंटच्या मोबाईलवर उघडत नाही.

त्याला बघायला पीएनजी पाठवा, आडवी दोन हजार पिक्सेलची पुरते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं अन् मग त्याला वाटतं काम तुमचंच धूसर आहे.